मुराळ्यावाचून

‘मुराळी’ हा शब्द वर्गात आला की अलीकडे त्याचा अर्थ सांगावा लागतो. सासरच्या मुलीला माहेरी न्यायला येणारा भाऊ किंवा घरचा माणूस, तो मुराळी. दिवाळी जवळ आली की मुलीने त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे; तो आला तर माहेर, न आला तर सण सासरीच. बाईने एकटीने वाट चालायची नाही हे इतके पक्के होते, की तिला ती चालता येते की नाही, हा प्रश्न कुणाला पडतच नसे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या. पती बरोबर जाणार नव्हते. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केले आणि लोकांच्या शंकांना एकेक करून उत्तरे दिली. त्यांतली एक शंका हीच होती, की बाई एकटी का जाते?

आज माझ्या वर्गातल्या मुली पाठीवर पिशवी टाकून हिमालयात जाऊन येतात. त्यांचे पाय त्यांच्या पणजीच्या पायांहून बळकट आहेत असे मुळीच नाही. रीत बदलली, वाट बदलली. मुराळ्याचे कारण बाईच्या पायांत कधी नव्हतेच.

माझ्या पायांत मात्र ते आहे, असे सर्वांना वाटते. मी चाकांच्या खुर्चीवर बसून एकटी आगगाडीने प्रवास करते. ‘बरोबर कोण आहे?’ असे तिकीट-तपासनीस विचारतो, हमाल विचारतो, समोरच्या आजीबाई चिवड्याचा डबा उघडता उघडता विचारतात. ‘कोणी नाही’ म्हटले की मंडळींच्या चेहऱ्यावर प्रथम माझी दया आणि मागाहून माझ्या घरच्यांचा राग उमटतो.

सरकारी कागदही तेच म्हणतो. अस्थिव्यंग प्रवाशाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, तिच्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. ही व्यक्ती सोबत्याच्या मदतीवाचून प्रवास करू शकत नाही, असे त्या दाखल्यात लिहिलेले असते. तो दाखला पर्समध्ये घालून मी एकटी हिंडते! सवलत चांगली आहे. स्लीपरला पाऊण भाडे माफ, आणि सोबत्यालाही तेवढेच. पण सोबती काही तिकिटाच्या खिडकीवर मिळत नाही. त्याला रजा काढावी लागते, त्याच्या मुलांच्या परीक्षा असतात. ज्यांनी मला कविता वाचायला शिकवली ते माझे गुरुजी गेले, ती बातमी सकाळी कळली. गाडी दुपारची होती. सोबत संध्याकाळी मिळाली. त्यांचे अंत्यदर्शन मला झाले नाही. त्या दिवसापासून मी ठरवले, की आपला मुराळी आपणच व्हायचे.

ते जमते कसे, तेही सांगते. आपल्याकडे उंच म्हणवणारा फलाट रुळांपासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो. लांब पल्ल्याच्या डब्याची जमीन असते सुमारे सव्वा मीटरवर. मधले दीड फूट पायऱ्यांचे. माझे सारे परावलंबन या दीड फुटात मावते. पुष्कळ मेल-एक्सप्रेस गाड्यांना गार्डच्या डब्यातच रुंद दाराचा, दिव्यांगांसाठी राखलेला भाग असतो. तो गाडीच्या टोकाला. म्हणजे बहुधा फलाटावरचे छप्पर जिथे संपते तिथे. आत धडधाकट मंडळींनी आधीच पथारी पसरलेली असते. त्यांच्याशी मी भांडत नाही. ‘जरा खुर्ची धरता का?’ एवढेच म्हणते. धरलेली खुर्ची आत आली की तिच्यासाठी जागा आपोआप होते!

हमालांशी मजुरी आधी ठरवते आणि बजावते, ‘खुर्ची धरा, मला नाही; आणि मी सांगितल्याशिवाय उचलू नका.’ कारण एका जंक्शनवर एका भल्या गृहस्थांनी मला न विचारताच पोत्यासारखे उचलून डब्यात ठेवले आणि हात झटकून पुण्य पदरात पाडून घेतले. खुर्ची राहिली फलाटावर! ती वर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. परक्या पुरुषाने असे उचलल्यावर बाईला काय वाटते, हेही त्यांच्या मनात आले नसावे.

आता याच्या उलट पाहा. मुंबईत वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिथे फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत आहेत. लिफ्टने वर गेले, चाके फिरवली आणि आत शिरले. कुणी उचलले नाही, कुणी हळहळले नाही, बरोबर कोण आहे असे कुणी विचारले नाही. माझे पाय तेच होते. मधले दीड फूट तेवढे नव्हते. सार्वजनिक वाहतूक अपंगांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने सरकारवर टाकलेली आहे. तेव्हा हे दीड फूट काढणे हा आता दानधर्माचा विषय राहिलेला नाही.

मदत नको, असे माझे म्हणणे नाही. मदतीवाचून प्रवास कोण करतो? कुणी गाडी हाकतो, कुणी झेंडी दाखवतो, कुणी वरच्या फळीवरची बॅग काढून देतो. मदत कुणाची, केव्हा आणि किती घ्यायची हे ज्याचे त्याला ठरवता आले, म्हणजे तो एकटा प्रवासाला निघाला असे समजावे.

या दिवाळीत गाड्यांना गर्दी होईल. फलाटावर माझ्यासारखे कोणी दिसले, तर बरोबर कोण आहे ते विचारू नका. ‘कुठे निघालात?’ असे विचारा. प्रवाशाला विचारायचा प्रश्न तो.