जुन्या गिलाव्यावर टाइल्स : आधी भिंत तपासा, मग दर सांगा

टाइल्स निखळली की गिऱ्हाईक गवंड्याला धरतो. भिंत त्याची, घाई त्याची, पण शेवटचा हप्ता अडतो तो कारागिराचा. बाथरूमच्या कामात हे वारंवार घडते. आमच्या मते याचे मूळ हातात नसून दर ठरवण्याच्या पद्धतीत आहे. आपण चौरस फुटावर टाइल्स बसवण्याचा दर सांगतो. भिंत तयार करण्याची मजुरी त्यातच बुडते. मग ती मेहनत टाळावीशी वाटते.

जुना गिलावा सरसकट फोडावा, असे आमचे म्हणणे नाही. सिमेंटचा गिलावा घट्ट असेल तर त्यावर टाइल्स खुशाल बसवाव्यात. पण आधी हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकून पाहावी. पोकळ आवाज येईल तेवढा भाग काढून नव्याने गिलावा करावा. ऑइल पेंट, डिस्टेंपर, चुना खरवडून टाचे मारावेत. टाइल्स रंगाला चिकटली, तर रंगासकटच खाली येते. जुन्या घरांतला भुसभुशीत चुन्याचा गिलावा आणि पाणी लागून मऊ होणारा पीओपी मात्र उतरवलाच पाहिजे. भिंतीत ओल असेल तर आधी नळाची गळती काढावी. ओळंबा लावून भिंत सरळ आहे का, तेही पाहावे.

मालही बदलला आहे. साधी सिरॅमिक वॉल टाइल्स वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर बसे. व्हिट्रिफाइड टाइल्स अर्धा टक्काही शोषत नाही. नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. तिला चिकटवण्याचे केमिकलच हवे. त्यासाठी आय. एस. १५४७७ हे भारतीय मानक आहे. पिशवीवर ते पाहून घ्यावे. माल चार कोपऱ्यांना गोळे ठेवून न लावता दातेरी करणीने सगळीकडे सारखा पसरावा. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचते आणि धक्का बसताच टाइल्स फुटते.

म्हणून कारागीर बंधूंनी कागदावर दोन दर लिहावेत : भिंत तयार करण्याचा वेगळा, टाइल्स बसवण्याचा वेगळा. गिऱ्हाइकासमोर भिंत ठोकून तो आवाज त्याला ऐकवावा. तरीही "आहे त्यावरच लावा" असा आग्रह असेल, तर काम सोडावे. एका कामाची मजुरी बुडेल, पण नाव राहील. आणि पुढची दहा कामे नावावरच मिळतात.