ढेंकूण आणि उष्णता

घरांत ढेंकूण झाले, हें सांगण्याची आपणांस लाज वाटते. आणि या लाजेमुळेंच त्यांचें फावतें. वस्तुतः ढेंकूण हा अस्वच्छतेचा पुरावा नव्हे. वसतिगृहांतून आलेली एक वळकटी त्यास प्रवासाला पुरते.

१९३९ सालीं पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञानें डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण शोधिला. परंतु १९४७ सालीं हवाई बेटांत त्यास न जुमानणारे ढेंकूण आढळले. पुढील अनेक औषधांचीही तीच गत झाली. उष्णतेची गोष्ट निराळी. सुमारें ५० अंश सेल्सिअसची आंच टिकली, तर ढेंकूण व त्याचीं अंडीं दोन्हीं मरतात.

मग कडेगांवच्या वैशाखी उन्हांत बाज टाकिली कीं झालें, असें कोणी म्हणेल. परंतु तेव्हां हवा चाळीस अंशांच्या आसपासच असते. ढेंकूण सावलीच्या फटींत सरकतो, आणि भिंतींतील वस्ती तशीच राहते. या कामांतील जाणकार यंत्रांनीं सारी खोली ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून कांहीं तास तशीच ठेवितात, व कोपऱ्याकोपऱ्यांत तापमापक लावून खात्री करितात. शेगडी पेटवून हा प्रयोग घरीं मात्र करूं नये.

यास खर्च येतो, हें खरें. ज्यांस तो झेपत नाहीं, त्यांनीं कपडे उकळावे व खाटेच्या फटींत वारंवार कढत पाणी ओतावें. पण धान्यांत ठेवण्याच्या विषारी गोळ्या निजण्याच्या खोलींत कदापि ठेवूं नयेत. त्यांच्या वायूनें निजलेलीं माणसेंही दगावतात.

पालकहो, शेजाऱ्यापासून ही गोष्ट लपवूं नका. भिंत सामायिक असेल, तर उपायही सामायिकच हवा.