प्रवासाचा धनी कोण?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मुले दिवाळीसाठी घराकडे निघालेली असतील. पुण्याहून नागपूर हा सातशे किलोमीटरचा पल्ला ती एका रात्रीत गाठतात. खरी दमछाक होते ती नागपुरात उतरल्यावर, शेवटच्या वीस-तीस किलोमीटरसाठी. एसटीची वेळ गणेशपेठच्या चौकशी खिडकीवर कळते, शहर बसची मोर भवनला आणि मेट्रोची स्टेशनावर. या तिन्हींचा मेळ घालून देणारे मात्र कोणी नाही. मग ऑटोवाला मागेल तेवढे देऊन माणूस मोकळा होतो.

सण चार दिवसांचा असतो; बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणारे कामगार आणि हिंगणा रस्त्यावरच्या कॉलेजांतली मुले हेच वर्षभर सोसतात. रामटेक, उमरेड, काटोलहून रुग्णाला ‘मेडिकल’ या सरकारी रुग्णालयात घेऊन येणारे नातेवाईकही त्यातून सुटत नाहीत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. रामटेकची बाई या सवलतीत नागपूरपर्यंत येते, पण मेट्रोत पाऊल टाकताच ती सवलत संपते. बाई तीच, काम तेच. धोरण मात्र गाडीगणिक बदलते.

कारण उघड आहे. एसटी राज्याच्या महामंडळाची, ‘आपली बस’ महापालिकेची, मेट्रो महामेट्रोची. ऑटोचे परवाने आणि ई-रिक्षांची नोंदणी परिवहन विभागाकडे. शहराबाहेरच्या सातशेहून अधिक गावांचे नियोजन २०१७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. प्रत्येक जण आपापले काम करतो, पण घरापासून कामापर्यंतच्या अख्ख्या प्रवासाला धनी नाही. शहर बस महापालिकेची हद्द ओलांडून बुटीबोरी, हिंगण्याकडे धावते आणि तिचा तोटा शहरातला करदाता भरतो. तोटा वाढला की कात्री हद्दीबाहेरच्या फेऱ्यांवर चालवण्याचा मोह होणार, आणि जिथे बसशिवाय पर्याय नाही तिथलाच माणूस रस्त्यावर उभा राहणार.

संपूर्ण महानगर प्रदेशाच्या वाहतुकीसाठी एकच प्राधिकरण हवे का, याचा गंभीर अभ्यास आता व्हायला हवा, असे आम्हाला म्हणूनच वाटते. कल्पना नवी नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी ती सुचवली. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रोसाठी केंद्राची मदत हवी असेल तर राज्याने असे प्राधिकरण उभारलेच पाहिजे, अशी अट घातली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. सुमारे ४४ किलोमीटरचे हे मार्ग कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे जाणार आहेत. मेट्रो गावांच्या वेशीपर्यंत जाणार असेल, तर स्टेशनापासून गावात नेणारी बस कोणाची आणि कोणाच्या खर्चाने, हे आताच ठरायला हवे.

नागपुरात संस्था एकत्र येऊ शकत नाहीत, असे कोणी म्हणू नये. कामठी रस्त्यावर गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, रेल्वेवर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो आहे. वर्धा रस्त्यावर राष्ट्रीय महामार्गाचा उड्डाणपूल आणि मेट्रो एकाच खांबावर उभे आहेत आणि त्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाची गिनीज बुकात नोंद झाली आहे. सिमेंट-लोखंडाबाबत जमलेली ही एकजूट तिकीट आणि वेळापत्रकाबाबत का जमू नये? त्यासाठी संस्था विलीन करण्याचीही गरज नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गने १९६५ मध्येच मार्ग दाखवला: वाहतूक संस्था वेगवेगळ्या राहिल्या, प्रवाशासाठी तिकीट आणि वेळापत्रक एक झाले. आपल्या मेट्रोला कर्ज देणाऱ्यांत जर्मनीची बँकही आहे. पैशाबरोबर ही शहाणीवही तिथून घ्यायला हरकत नव्हती.

तरी आम्ही या कल्पनेला डोळे मिटून होकार देणार नाही. नागपूरकराने नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आणि महापालिका यांचा दुहेरी कारभार कित्येक दशके अनुभवला आहे. ‘हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा’ हे वाक्य ‘१९०० आणि ५७२ ले-आउट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांच्या रहिवाशांना पाठ आहे. त्यात आणखी एका पाटीची भर पडणार असेल, तर ती नकोच. मुंबईत २००८ मध्येच मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असे प्राधिकरण नेमले गेले. मात्र अकरा वाहतूक सेवांचे तिकीट एका अ‍ॅपवर मिळायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. ज्या संस्थेच्या हाती ना भाडे, ना मार्ग, ना पैसा, ती बैठका घेण्यापलीकडे काय करणार? चेन्नई आणि कोचीसाठी त्यांच्या राज्यांनी कायदे केले. नागपूरसाठी कायद्याविना प्राधिकरण नको, हे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा उत्तरदायित्वाचा. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवक नव्हते. बस आली नाही तर जाब विचारायचा कोणाला, हे त्या काळात कळत नव्हते. नव्या प्राधिकरणावर केवळ अधिकारी बसणार असतील तर तीच गत कायमची होईल. तिथे नगरसेवकांबरोबर जिल्हा परिषद सदस्य हवेत, कामगार आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी हवेत, आणि बैठकांचे इतिवृत्त मराठीतून सर्वांना वाचायला मिळावे. अभ्यासही बंद दालनात नको. सल्लागाराने नकाशा काढण्याआधी एप्रिलच्या उन्हात, बिनछपराच्या थांब्यावर उभे राहून पाहावे.

तुम्हा वाचकांना एक विनंती. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी रोज जा-ये करत असेल, तर कुठून कुठे जाता, किती गाड्या बदलता आणि किती पैसे पडतात, हे एका कागदावर लिहून आमच्या पत्त्यावर पाठवा. आलेली सगळी पत्रे आम्ही महानगर प्राधिकरणाकडे, महापालिकेकडे आणि जिल्ह्यातल्या आमदारांकडे देऊ आणि त्यांची उत्तरे पुढच्या अंकात छापू.