शिकवणे हीच सेवा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पाथर्डी तालुक्यातील कितीतरी वाड्या-वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, तोडणीच्या भाषेत एकेक ‘कोयता’, दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची वाट धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले त्यांच्याबरोबर कोपीवर जातात, काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे यावरचे उपाय, आणि ते आवश्यकच आहेत. परंतु मागे राहिलेल्या मुलाची वही संध्याकाळी उघडून ‘आज काय शिकवलं?’ एवढे विचारणारे वडीलधारे माणूस कोणतीही योजना पुरवू शकत नाही.

असे माणूस जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांनी द्यावे, असे माझे मत आहे. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, महाविद्यालयीन तरुण मंडळीत असतातच. शिवाय या जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती घरांत पहिले अक्षर मिशनशाळेतून आले. ते ऋण फेडण्याची ही सरळ वाट आहे. यावर लगेच शंका येईल की हा धर्मांतराचा मागचा दरवाजा तर नव्हे? शंका गैरवाजवी नाही. तिचे उत्तर मात्र नगरच्याच इतिहासात सापडते.

सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1827 मध्ये मुंबईत आली आणि 1839 पासून 1862 मधील मृत्यूपर्यंत तिने नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. फरारबाईंची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मंडळीच्या नोंदवहीत या घटनेची जमा कोणत्या रकान्यात धरावी? कोणत्याच नाही. तरीही फरारबाईंच्या तेवीस वर्षांच्या नगरमधील कामाचे याहून मोठे फळ दाखवता येणार नाही.

याच्या उलट उदाहरणही त्याच काळातले आहे. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये येथील मिशनची पाहणी करण्यासाठी आले. शाळेने सुवार्ताप्रसाराला दुय्यम राहावे, हा त्यांचा आग्रह होता. देशी भाषांवर त्यांनी दिलेला भर योग्यच होता. पण त्यांच्या धोरणामुळे मिशनच्या इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. शिकवणे हे दुसऱ्या कशाचे तरी साधन ठरले, की ते साधन उपयोगी पडते की नाही याचा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबात मूल मागे पडते. म्हणून माझा आग्रह असा की शिकवणे हीच सेवा मानावी, सेवेची पायरी मानू नये.

अशा सेवेत बदल एकाच बाजूला होत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या वर्षांची हकीकत ‘स्मृतिचित्रे’त आहे. लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळे कोणाच्या प्रवचनाने एका दिवसात गळून पडत नाही. ते परक्या म्हटल्या जाणाऱ्या माणसांत राहता-वावरताना झिजत जाते. शिकवायला वस्तीवर जाणाऱ्या माणसाचेही असेच काहीतरी व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मग नियम साधे असावेत. वर्ग चर्चच्या आवारात भरवण्यापेक्षा शाळेच्या ओसरीवर, शिक्षकांच्या आणि घरच्यांच्या संमतीने भरावा. मुलाच्या दप्तरात पाठ्यपुस्तकाखेरीज कोणतीही पत्रिका जाऊ नये. एका स्वयंसेवकाकडे दोन-तीनच मुले असावीत आणि त्याने निदान एक पूर्ण हंगाम सोडून जाऊ नये. ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे. नाताळात खाऊ वाटून छायाचित्र काढणे सोपे. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, कोणी पाहत नसताना, भागाकाराचे तेच गणित चौथ्यांदा समजावणे अवघड. पण ज्या मुलाचे आईबाप दूर फडात आहेत त्याच्या लेखी माणसाचा भरवसा याच मंगळवारी ठरतो. त्या मुलाने पुढे कोणत्या देवळाची पायरी चढावी, हा प्रश्न त्याचा आहे. त्याने पुढच्या इयत्तेची पायरी चढावी, एवढे आपण पाहावे.