कान्ह्याच्या वाटेवर रामनगरला थांबा

नागपूरहून निघालेल्या गाड्या जबलपूरला भेडाघाट, धुवाँधार बघतात आणि दुसऱ्या दिवशी मंडल्यावरून कान्हा गाठतात. वाघ दिसला की सहल वसूल. मंडल्यापासून जवळच नर्मदेकाठी रामनगरचा मोतीमहाल उभा आहे. तिकडे फार थोड्या गाड्या वळतात. त्या वळाव्यात, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

गढा-मंडल्याचा गोंड राजा हृदयशाह याने चौरागड सोडून सतराव्या शतकात राजधानी इथे आणली. मधोमध चौक, चौकात कुंड आणि भोवती दालनं असा हा वाडा आहे. गावात राय भगताची कोठी आहे, परिसरात बेगम महाल आहे. रामनगरच्या 1667 सालच्या संस्कृत शिलालेखात या घराण्याची वंशावळ कोरली आहे आणि 1564 साली अकबराच्या फौजेशी लढताना पडलेल्या राणी दुर्गावतीचं नावही त्यात आहे. गोंड म्हटलं की आपल्याला जंगल आठवतं, फार तर भिंतीवरची चित्रं. संस्कृत प्रशस्ती कोरून घेणारा, नदीकाठी महाल उठवणारा राजा आठवत नाही. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड होता, हेसुद्धा किती नागपूरकर मुलांना सांगतात?

मराठी माणसावर इथली जबाबदारी जरा जास्तच आहे. 1742 साली नानासाहेब पेशव्यांची फौज मंडल्यावर आली आणि राजा महाराजशाह लढाईत मारला गेला. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्यच संपवलं, पुढे मंडला नागपूरकर भोसल्यांकडे गेला. राज्य बुडवताना आपण पुढे होतो. त्यांचा वाडा राखताना मागे राहणं शोभत नाही.

अशा इमारतीला सर्वांत मोठा धोका पाण्याचा. गच्चीवरची बारीक फट दरवर्षी पाऊस पिते, मग त्या फटीत पिंपळाचं रोप धरतं. ते वरून छाटून भागत नाही. मूळ आत राहिलं तर पुन्हा फुटतं आणि चिरा सरकवतं. घाईघाईने सिमेंट थापलं तर आणखी वाईट, कारण चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही. दुरुस्तीसाठी चुन्यात हात बसलेला गवंडी लागतो, आणि तो रोजच्या मजुरीच्या हिशेबात मिळत नाही. पैसा लागतो. जिथे माणसं जात नाहीत तिथे पैसा येत नाही, हा सरकारी खाक्या सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून जा. नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्यांनी इथे तासभर टेकावं. जबलपूरच्या मराठी मंडळींनी वर्षातली एक सहल रामनगरला काढावी, नागपूरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी टेप आणि वह्या घेऊन यावं आणि वाड्याची मोजणी करून नकाशे काढावेत. पडझड झालीच तर दुरुस्तीला तेच आधार होतील. गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्या, त्याचे पैसे खळखळ न करता द्या. जवळच्या काळा पहाडावरचे पैलूदार दगडी खांबही तो दाखवील. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला तिथल्या तिथे टोका. फट, ओल, रोप जे दिसेल त्याचा तारखेसह फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला व मंडल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात कान्ह्याचे दरवाजे उघडतात. सफारीचं बुकिंग करताना रामनगरसाठी एक दिवस आधीचा धरा.