पाहुणीचा नियम

परदेशी स्थायिक झालेल्या स्नेह्याचे निमंत्रण बहुधा एका वाक्यात येते : ‘सुट्टी आहे, आठवडाभर राहायला ये.’ त्या वाक्यात प्रेम पुरेपूर असते. पण सुट्टी नेमकी कोणाची, हे त्यातून कळत नाही. येणारा सुट्टीवर असतो. ज्याच्या दारी जायचे, त्याचा संसार आणि त्याची नोकरी चालूच असते.

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेला असेच निमंत्रण आले. शाळेत एका बाकावर बसणारी तिची मैत्रीण तीस वर्षांपासून इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहते आणि तेथील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. पतीच्या निधनानंतर ती घरात एकटीच आहे. नाताळचा आठवडा ठरला. पाहुणीने हळद, बेदाणे आणि लसणाविना केलेले भडंग बांधून घेतले. दुधाचे पदार्थ त्या देशात नेता येत नाहीत, म्हणून पेढे घरीच राहिले.

पाहुणीला लहानपणापासून रात्रीभोजनत्यागाचा नियम. सांगलीत तो सहज पाळला जातो. कारण डिसेंबरातही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. लेस्टर मात्र ५२ अंशांहून अधिक उत्तरेला आहे. तेथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि नाताळात सूर्य सव्वाआठला उगवून दुपारी चारच्या आतच मावळतो. सांगलीचा त्या दिवसांतला दिवस अकरा तासांचा. लेस्टरचा पावणेआठ तासांचाही नाही. म्हणजे सायंकाळचे जेवण दुपारी साडेतीनच्या आत उरकायचे. पाहुणीने ही अडचण निघण्यापूर्वी कळवली नव्हती. मैत्रीण जैन घरातलीच. तिला वेगळे काय सांगायचे, असे तिला वाटले.

पहिले तीन दिवस सारे यथासांग चालले. मैत्रीण दोन वाजता कामावरून धावत येई, अंगातला कोटही न काढता पोळ्या लाटायला घेई आणि सव्वातीनला पाहुणीचे ताट मांडी. ‘मला आत्ता भूक नाही, तू बस,’ असे म्हणून ती वाढत राही. सुट्टीच्या दिवसांत रुग्णालय लवकर सुटत असावे, असे पाहुणीने गृहीत धरले. प्रवासाचा शीण आणि घड्याळातला साडेपाच तासांचा फरक यांमुळे सायंकाळी सातलाच तिचे डोळे मिटत.

तिसऱ्या रात्री साडेअकराला तिला जाग आली. सांगलीत तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. ही तिची रोजची उठण्याची वेळ. खाली स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून ती जिना उतरली. मैत्रीण ओट्याशी उभी राहून दुपारची थंड भाजी-पोळी खात होती. बाहेरचे बूट अजून पायांतच होते.

‘अगं, हे काय? आत्ता कुठून आलीस?’

मैत्रीण आधी गडबडली, मग तिने सांगून टाकले. दुपारी लवकर निघता यावे म्हणून ती राहिलेले तास रात्री भरून देत होती. पाहुणी झोपली की पुन्हा कामावर जात होती. ‘माझा नियम इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी सुटला. हिवाळ्यात कामावरून परतेपर्यंत कधीच अंधार पडलेला असतो. तू एवढ्या वर्षांनी आलीस. तुझ्यासमोर रात्री ताट घेऊन बसायची लाज वाटली गं.’

पाहुणी काही बोलली नाही. तिने एक खुर्ची ओढून मैत्रिणीला बसवले, दुसरीवर स्वतः बसली आणि तिचे जेवण होईपर्यंत तेथेच थांबली. तिला मैत्रिणीच्या सुटलेल्या नियमाविषयी वाईट वाटलेच नाही, असे नाही. परंतु त्याहून अधिक सल होता तो स्वतःच्या न सुटलेल्या नियमाचा. तीन दिवस तो तिने पाळला असे ती समजत होती. त्याची झीज मात्र दुसरीच सोसत होती.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. त्यातील अतिथी म्हणजे मुख्यतः साधू. तरी ‘संविभाग’ हा शब्द गृहस्थाच्या उंबरठ्यावरही विचार करण्याजोगा आहे. घरात जे आहे, त्यातला योग्य वाटा, एवढाच त्याचा अर्थ. यजमानाने स्वतःला रिकामे करावे, असे त्यात कोठेही नाही. आणि नियम तर प्रत्येकाने स्वतःच्या संयमासाठी घेतलेला असतो. त्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर गेले, तर संयम कोणाचा आणि श्रम कोणाचे?

दुसरा दिवस २५ डिसेंबरचा. त्या दिवशी इंग्लंडमध्ये रेल्वे धावत नाही, दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडतात. मैत्रिणीलाही त्या एका दिवसाची पूर्ण रजा होती. दोघींनी मिळून स्वयंपाक केला आणि तीन वाजता खिडकीशी बसून एकत्र जेवल्या. समोरच्या छपरांवर उतरते, फिकट ऊन होते. ‘उजेडात सायंकाळचे जेवण किती वर्षांनी जेवते आहे,’ एवढेच मैत्रीण म्हणाली.

पुढच्या दिवसापासून स्वयंपाकघर पाहुणीने हाती घेतले. बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातून तिने ज्वारीचे पीठ आणले. ती आपले जेवण साडेतीनच्या आत एकटीने उरकी आणि मैत्रिणीचे ताट झाकून ठेवी. मैत्रीण पूर्ण वेळ काम करून सायंकाळी परते, तेव्हा गरम भाकरी तयार असे. पाहुणी रात्री पाणीही घेत नसे. पण जेवणाऱ्या मैत्रिणीच्या समोर बसत असे. एक दिवस दोघी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिरात जाऊन आल्या. १९व्या शतकातील एका चर्चच्या वास्तूत उभे राहिलेले हे मंदिर १९८८ पासून श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी अशा सर्वांना एकाच छपराखाली सामावून घेते.

परदेशी जाणाऱ्या पाहुण्याने निघण्यापूर्वी तिथला सूर्यास्त किती वाजता होतो, ते पाहावे. यजमानाच्या कामाच्या वेळा विचाराव्यात. आपला नियम आधीच मोकळेपणाने सांगावा आणि तो पाळण्याचे कष्ट शक्य तेवढे स्वतः उचलावेत. यजमानानेही आपली अडचण लपवू नये. जिथे लाज वाटावी लागते, तिथे पाहुणचार होतो. भेट होत नाही.

आठवडा संपला. आता सांगलीत सायंकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा लेस्टरला दुपारचे बारा वाजलेले असतात आणि प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी होते. पाहुणी आपले ताट वाढून घेते, मैत्रीण आपला डबा उघडते आणि फोन सुरू होतो. एकीचे ते सायंकाळचे जेवण, दुसरीचे दुपारचे. पण त्या वेळी दोन्हीकडे सूर्य आकाशात असतो.