जादूच्या दिव्याचं बिल कोण भरतं?

फँटसी वाचताय? की स्वतःच लिहिताय? मग एक प्रश्न विचाराच. जादूगाराच्या काठीच्या टोकाला पेटणारा उजेड येतो कुठून, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

उत्तरासाठी लांब जायला नको. वागळे इस्टेटच्या रस्त्यांवरचे पांढरे एलईडी बघा. लाल आणि हिरवा एलईडी कधीचाच तयार होता, पण निळा काही केल्या जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी गॅलियम नायट्राइडच्या मागे वर्षानुवर्षं घालवून तो साधला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवला की झाला पांढरा उजेड!

दुसरा जादूचा दिवा पलीकडच्या येऊरच्या जंगलात, पावसाळ्याच्या तोंडावर लुकलुकतो. काजवा! ल्युसिफेरिन आणि ऑक्सिजनच्या रासायनिक क्रियेतून उजेड निघतो, उष्णता जवळपास नाहीच. हा उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. आपल्या झगमगाटात ती साद हरवते. जोडी जमली नाही, तर पुढची पिढी कुठून येणार?

म्हणजे आपल्या स्वस्त उजेडाचं बिल काजवा भरतोय. तुमच्या गोष्टीतल्या जादूलाही अशी किंमत असू द्या, ती जास्त खरी वाटेल. आणि गच्चीवरचा तो फोकस? खाली वळवा. काम झालं की बंद करा. अंधारही कुणाच्या तरी गरजेचा असतो.